तलावाला मार्च एंडिंग कळत नाही

इंदूर, २३ मार्च २०२५

आमच्या तलावाचा कारभार ज्यांच्या सहीने चालतो ते अधिकारी साहेब, आणि बैठकीत त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेले आमच्याच रहिवासी संघाचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

याआधी तुम्हाला तीन अर्ज हिंदीत दिले. तिन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. हे चौथं पत्र मराठीत आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण २ फेब्रुवारीच्या बैठकीत तलावाभोवतीच्या ट्रॅकचा नकाशा पाहून माना डोलावणाऱ्यांत निम्मे आपलेच होते, रामबागेतले नि लोकमान्यनगरातले जुने वाडे आणि घरं सोडून इकडे मोकळ्या हवेला आलेले. साहेबांना मराठी समजत नसेल तर सेक्रेटरीभाऊंनी वाचून दाखवावं, त्यांना दोन्ही भाषा उत्तम येतात. तलावाचं किंवा कुणाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल. माझं भांडण माणसाशी नाही, गेटशी आहे.

गेट म्हणजे तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, दक्षिण टोकाची मोरी. लोखंडी चाक फिरवलं की पाणी सुटतं ते थेट नाल्यात. हे चाक ५ फेब्रुवारीला फिरलं, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी घरोघरी अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवलं, दुसऱ्या दिवशी तुम्ही तलाव उतू घालवलात. आज दीड महिना झाला, ते चाक अजून पूर्ण बंद झालेलं नाही.

मी १९८३ साली लग्न होऊन या घरी आले. तेव्हा तलावाच्या अलीकडे हरभऱ्याची शेतं होती आणि गच्चीवरून थेट पाणी दिसायचं. पुढे एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आमच्या सासूबाईंचा नियम होता, माठ गुढीपाडव्याला काढायचा, त्याआधी नाही, घसा धरतो. थंडीलाही तेव्हा जाण्याची रीत होती. महाशिवरात्रीला ‘शिव शिव’ म्हणत ती दारापर्यंत जायची आणि होळीत उरलीसुरली जळायची. यंदा महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. मी माठ त्याच्या आठ दिवस आधी काढला, आणि सासूबाईंच्या फोटोकडे न बघता भरला.

हा फक्त माझ्या घशाचा अनुभव नाही. भारतीय हवामान विभागाच्या नोंदी १९०१ पासूनच्या आहेत. त्या नोंदींत देशाचं सरासरी तापमान सगळ्यांत जास्त असलेला फेब्रुवारी म्हणजे हा नुकताच संपलेला. दिवसाच्या कमाल तापमानाच्या सरासरीचा उच्चांक २०२३च्या फेब्रुवारीचा, २९.५४ अंश. आणि २०२२चा मार्च तर सव्वाशे वर्षांतला सगळ्यांत तापलेला मार्च होता, कमाल तापमानाची सरासरी ३३.१ अंश. त्या साली दाणा भरायच्या वेळेलाच ऊन लागून गहू चिमला, हे माळव्यात कुणाला सांगायला नको. चार वर्षांत तीनदा उन्हाळा दीड महिना आधी दारात उभा राहिला. तुमच्या कागदांवर मात्र तो अजूनही १ एप्रिललाच सुरू होतो. माझं सगळं म्हणणं यातूनच निघतं.

बैठकीची आठवण करून देते. २ फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिवस. काही दिवसांपूर्वीच, जानेवारीत, रामसर कराराखाली, म्हणजे पाणथळ जागा राखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, ‘पाणथळ शहर’ म्हणून मान्यता मिळालेली देशातली पहिली दोन शहरं जाहीर झाली होती, इंदूर आणि उदयपूर. त्यामुळे सगळे खुशीत होते, मीही होते. सिरपूर आणि यशवंत सागर हे इथले तलाव २०२२ सालीच रामसर यादीत गेलेत, आता शहराचंच नाव झालं. ‘मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही ओळ प्रथेप्रमाणे म्हटली गेली. मग नकाशा उलगडला. तलावाला चारी बाजूंनी दगडी पिचिंग, म्हणजे काठाच्या उताराला दगडांचं अस्तर, वर काँक्रीटचा वॉकिंग ट्रॅक, दिवे, सेल्फी पॉइंट. पिचिंगसाठी पाणी चार फूट उतरवावं लागेल. मी विचारलं, आत्ताच का? पाऊस संपला की कडा आपोआप उघड्या पडतात, तेव्हा थोडं थोडं करता येणार नाही का? साहेब मोकळेपणाने म्हणाले, ‘आंटी, ३१ मार्चच्या आत बिल निघालं नाही तर निधी परत जाईल.’

त्यांच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुकच वाटलं. दुसरा कुणी असता तर पर्यावरणाचं कारण पुढे केलं असतं.

आता एकेक तक्रार सांगते.

पहिली तक्रार पाण्याच्या हिशेबाची. आमचा तलाव भरलेला असताना साधारण चाळीस एकर. एवढ्या पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी उडालं की एक लाख साठ हजार लिटर गेलं. पाच हजार लिटरचे बत्तीस टँकर झाले. उन्हाच्या दिवसांत वाफ रोज कित्येक मिलिमीटर नेते. हा हिशेब मी आधी केला नव्हता, म्हणून सुरुवातीला पाळीवर उभं राहणाऱ्या टँकरवाल्या पोरांशी भांडत बसले. ते दिवसाला सात-आठ टँकर भरून नेतात. तेही थांबायला हवं, पण त्यांच्यापेक्षा ऊन कितीतरी पट जास्त नेतं. म्हणूनच उन्हाळा लवकर येतो त्या वर्षी पाणी मुद्दाम राखून ठेवायचं असतं. तुम्ही ते नेमकं त्याच वर्षी सोडून दिलंत. आता जूनच्या मध्यापर्यंत वरून थेंब पडणार नाही. नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, घाट चढवून आपण शहरात आणतो, विजेचं बिल भरून भरून आणतो, आणि पायाशी असलेलं फुकट वाहू देतो. कॉलनीची बोअर दहा दिवसांपासून मधूनमधून नुसती हवा ओकते आहे. एरवी तिची ही रड मे महिन्यात सुरू होते.

दुसरी तक्रार माशांची, आणि ती नीट समजून घ्या. पाळीजवळ नऊ फूट खोली, पश्चिमेला तीन फूट. चार फूट उतरवल्यावर पश्चिमेचा भाग चिखल झाला आणि उरलेलं पाणी उथळ झालं. उथळ पाणी लवकर तापतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. त्यात वस्तीचं सांडपाणी, त्यावर शेवाळ. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं. म्हणून मासे मरतात ते पहाटे. १० मार्चच्या पहाटे रोहू आणि कटला पाण्यावर तोंड काढून हवा गिळत होते, आणि आठ वाजेपर्यंत पांढरी पोटं वर आली. ज्या भोई कुटुंबाने मासेमारीचा ठेका घेतलाय त्याची बाई काठावर बसून राहिली होती. रडत नव्हती, मोजत होती. तुमच्या माणसाने पंचनाम्यात ‘अज्ञात कारण’ लिहिलं. कारण माझ्या आठवीच्या पोरींनीसुद्धा सांगितलं असतं.

आणि १० मार्चच का, तेही सांगते. तुमच्या पिचिंगचे मजूर अलीराजपूरकडचे. ७ मार्चपासून भगोरिया, त्यांचा होळीआधीचा आदिवासी मेळा, सुरू झाला, होळीपर्यंत चालतो. सगळे गावी गेले, आणि जायलाच हवं होतं, वर्षातून एकदा येतो भगोरिया. काम आठवडाभर बंद राहिलं, गेट मात्र उघडं. चाकाची किल्ली ठेकेदाराकडे, ठेकेदाराचा फोन बंद, तुमच्या कार्यालयात ‘साहेब साइटवर आहेत’ आणि साइटवर मी एकटी. म्हणजे ज्या कामासाठी पाणी सोडलं ते कामही होत नव्हतं, आणि पाणी जातच होतं.

तिसरी त्या मजुरांचीच. मार्चमध्ये दुपारी एक ते चार दगड उचलायचे, बायकांनी डोक्यावरून वाहायचे. पाळीवर तीन करंज होते. त्यांच्या खाली तान्ह्या पोरांच्या झोळ्या टांगलेल्या असत. ट्रॅक सरळ यावा म्हणून ते तिन्ही करंज फेब्रुवारीच्या अखेरीला कापले. तुमच्या मुकादमाला मी म्हटलं, निदान दुपारची सुट्टी वाढवा. तो म्हणाला, ‘मॅडम, उन्हाळी वेळापत्रक १ एप्रिलपासून लागू होतं.’ १९ तारखेला रंगपंचमी होती. राजवाड्यावर गेर, रंगांची मिरवणूक, निघाली, सगळं शहर रंगाच्या पाण्याने भिजून हसत होतं, आणि आमच्या पाळीवर एक पोरगी तापलेल्या दगडांवर अनवाणी चालताना पाय आळीपाळीने उचलत होती.

चौथी तक्रार पक्ष्यांची. इथे संघाचे लोक हसतात, ‘काकूंचे पक्षी’ म्हणतात. हसा. तरी ऐका.

आमच्या तलावावर हिवाळ्यात तलवार बदकं येतात, थापट्या येतात, काळे वारकरी तर शेकड्यांनी असतात. आणि कधी दहा-बारा, कधी तेवढेही नाहीत, पट्टकादंब येतात. राखी अंग, पांढरं डोकं आणि त्यावर दोन काळे आडवे पट्टे, गंध लावल्यासारखे. दिवसभर पाण्यावर झोपतात, रात्री शेतात चरायला जातात. निवृत्तीनंतर २०१८च्या जूनमध्ये मी लडाखला त्सो मोरीरी सरोवराच्या काठी कोरझोक गावात तीन दिवस राहिले होते. साडेचार हजार मीटर उंचीवर, दर दहा पावलांनी थांबून श्वास घेत मी काठावर गेले, तर समोर हाच पक्षी, मागे पिवळसर पिल्लांची रांग. माहेरी गेल्यावर शेजारीण भेटावी तसं झालं. जिच्या घरी उतरले होते त्या बाईंना मी मोडक्या हिंदीत सांगितलं, हे आमच्याकडे हिवाळ्यात येतात. त्यांनी विचारलं, ‘मग तिकडे त्यांना कोण बघतं?’

काय उत्तर देणार होते मी?

त्या सांगत होत्या, हिवाळ्यात सरोवर पार गोठतं. वसंतात बर्फ आधी सुटतो तो ओढे येऊन मिळतात त्या तोंडाशी आणि कडेला. तेवढं पाणी मोकळं झालं की तिथे हे पक्षी उतरतात. म्हणजे या पक्ष्याचं पंचांग दोन तलावांवर लिहिलेलं आहे. वरचा उघडायच्या वेळी खालचा सोडायचा, मधे हिमालय ओलांडायचा. उड्डाणात सात हजार मीटरांच्या वर त्यांची नोंद झालेली आहे. त्यासाठी निघण्याआधी अंगावर चरबी चढवावी लागते, आणि ती चढवायला फेब्रुवारी-मार्चचे निवांत दिवस लागतात. वरचं पंचांगही आता डळमळतं आहे. २० फेब्रुवारी २०२३ला, म्हणजे इकडे दिवसाच्या कमाल तापमानाचा उच्चांक झाला त्याच महिन्यात, गोठलेल्या पँगाँग सरोवरावर एकवीस किलोमीटरची शर्यत झाली. तिला नाव दिलं होतं ‘लास्ट रन’, शेवटची धाव. असंच तापत गेलं तर पुढे धावायला बर्फ उरणार नाही, हे लोकांच्या कानावर घालण्यासाठी.

बर्फावर तुमची सही चालत नाही, माझीही नाही. आपल्या हातात हा खालचा तलाव आहे. तो तुम्ही नेमका त्या निवांत दिवसांत रिकामा केला आणि काठावर काँक्रीट मिक्सर लावला. यंदा अकरा पट्टकादंब आले होते. मिक्सर सुरू झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी उठले, ते पुन्हा उतरले नाहीत. मोठ्या जलाशयावर गेले असतील असं मी मनाला सांगते. वारकरी अजून आहेत, उरलेल्या डबक्यात दाटीवाटीने.

पाचवी तक्रार कायद्याची, थोडक्यात. २०१७च्या पाणथळ नियमांत उच्चतम पूररेषेच्या सरासरीपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकाम करायला मनाई आहे. त्यावर तुमचं तोंडी उत्तर असं, की पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलाव त्या नियमांतून वगळलेले आहेत, आणि आमचा तलाव त्यातलाच. असेल. पण सिरपूरही माणसांनीच बांधलेलं आहे, होळकरांच्या काळात, शहराला पाणी द्यायला. त्याची १६१ हेक्टर जागा आज रामसर यादीत आहे. कायद्याने सक्ती नसली तर शहाणपणाला बंदी आहे असं कुठे लिहिलंय?

आता माझी बाजूही सांगते, नाहीतर सेक्रेटरीभाऊ सांगतीलच. चार वर्षांपूर्वी वॉकिंग ट्रॅकच्या मागणीवर पहिल्या दहा सह्यांत माझी सही होती. गुडघे दुखतात, पावसाळ्यात पाळीवर चिखल होतो, मला ट्रॅक हवाच होता. मातीचा, मुरूम दाबलेला. काँक्रीटचा असेल आणि त्यासाठी तलाव रिकामा होईल हे विचारायचं मला सुचलं नाही. माळव्यातल्या गार रात्रींची आपण पाहुण्यांजवळ बढाई मारतो. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री काय करतं ते मी वर्गात शिकवलं आहे, आणि तरी सही केली. तेव्हा ही चूक निम्मी आमची. हे पत्र संघालाही आहे ते यासाठी.

मागण्या अशा.

गेट आजच्या आज बंद करा. किल्ली ठेकेदाराकडे नको, पाळीवरच्या चौकीदाराकडे द्या, आणि त्याला चाक फिरवण्याचा लेखी अधिकार द्या. मोरीची झडप झिजली आहे, बंद केल्यावरही मनगटाएवढी धार वाहते. ती बदला.

पश्चिमेचा काठ मातीचाच ठेवा. तिथे पिचिंग नको, दिवे नकोत, सेल्फी पॉइंट तर नकोच. रस्त्याकडच्या बाजूचं जे झालं ते झालं.

पाळीवर ठळक आकड्यांची एक उभी पट्टी लावा, म्हणजे पाणी किती आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. त्यावर लाल रेघ मारा. त्या रेघेखाली पाणी कुणीही, कसल्याही कामासाठी सोडायचं किंवा उपसायचं नाही. टँकरनेही नाही.

उन्हाळा तारखेने नाही, पाऱ्याने सुरू करा. सलग तीन दिवस ३४च्या वर गेला की उन्हाळी वेळापत्रक लागू, मग तो फेब्रुवारी का असेना. दुपारी बारा ते चार अंगमेहनतीचं काम बंद, मजुरांना सावली आणि प्यायचं पाणी, आणि त्या तासांची मजुरी कापायची नाही.

भोई कुटुंबाला या वर्षीच्या ठेक्याची रक्कम परत करा. पंचनामा दुरुस्त करा. उरलेले मासे जगवायचे असतील तर पहाटे तीन ते सात हवा सोडणारा पंप लावा. तो भाड्याने मिळतो, मी चौकशी केली आहे.

गाळ काढायचा असेल तर जरूर काढा, त्याला माझा विरोध नाही. मे महिन्यात काढा, निम्म्या भागातला एका वर्षी, निम्म्या भागातला दुसऱ्या वर्षी, म्हणजे अर्ध्यात तरी पाणी राहील. गाळ शेतकऱ्यांना द्या, ते स्वतःच्या ट्रॅक्टरने नेतील.

आणि निधीचं. ३१ मार्चला परत जात असेल तर जाऊ द्या. पुढच्या वर्षी पुन्हा मागा. अर्ज मी लिहून देईन, हिंदीत, आणि संघाच्या सगळ्या सह्या गोळा करून देईन. तेवढं माझ्याकडून.

आज २३ तारीख आहे. पाडव्याला सात दिवस उरलेत, तुमच्या बिलाला आठ. मी रोज सकाळी साडेसहा ते आठ गेटच्या चाकापाशी असते, तिथेच बोलू, कार्यालयात नको. येताना टोपी आणि पाण्याची बाटली आणा. बसायला सावली नाही, करंज तुम्ही कापलेत.

आपली,
तलावामागच्या गल्लीतली एक निवृत्त शिक्षिका